ॲडमिरल सर नॉवेल सॅमन: पद, नेमणूक आणि सन्मान वेगवेगळे कसे वाचायचे

तुमचा प्रश्न असा: जुन्या बाजारात चौकटीत लावलेलं एक छापील चित्र मिळालं, खाली इंग्रजीत "ॲडमिरल सर नॉवेल सॅमन, व्ही. सी., के. सी. बी." एवढंच लिहिलेलं. शोधाशोध केली तर एका ठिकाणी के. सी. बी., दुसरीकडे जी. सी. बी. (दोन्ही एकाच सन्मानाच्या पायऱ्या); कुठे ॲडमिरल, कुठे ॲडमिरल ऑफ द फ्लीट. व्हिक्टोरिया क्रॉस (व्ही. सी., शौर्याचा सर्वोच्च ब्रिटिश सन्मान) मिळाला तो लखनौला, जिथून समुद्र शेकडो मैल लांब. नावावर एकही मोठी सागरी लढाई नसताना हा माणूस ब्रिटिश आरमाराच्या सर्वोच्च पदावर पोचला कसा? आणि मराठीत टिपण लिहायचं तर यातलं खरं काय धरायचं?

तुम्हाला सापडलेलं बहुतेक सगळं खरंच आहे, फक्त ते वेगवेगळ्या काळातलं आहे आणि वेगवेगळ्या गोष्टींबद्दलचं आहे. व्हिक्टोरियाकालीन ॲडमिरलची कारकीर्द लावताना मी कागदावर चार रकाने आखतो: पद, नेमणूक, सन्मान आणि सेवेची स्थिती. पद म्हणजे लेफ्टनंट, कमांडर, कॅप्टन वगैरे. नेमणूक म्हणजे कुठलं जहाज किंवा कुठलं स्टेशन, म्हणजे आरमाराचा कुठला विभाग. सन्मान म्हणजे पदकं आणि सरदारक्या. स्थिती म्हणजे तो त्या दिवशी प्रत्यक्ष कामावर होता, अर्ध्या पगारावर घरी होता की निवृत्त यादीत होता. चारही रकान्यांतल्या तारखा स्वतंत्रपणे पुढे सरकतात. त्या एकाच ओळीत कोंबल्या की "लखनौच्या पराक्रमाबद्दल ॲडमिरल झाला" अशी वाक्यं तयार होतात, आणि ती एका लेखातून दुसऱ्यात उतरत राहतात.

आधी पदाचा रकाना घेऊ, कारण तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. त्या काळी लेफ्टनंटचा कमांडर आणि कमांडरचा कॅप्टन निवडीने होत असे. कामगिरी, वरिष्ठांची शिफारस, घराण्याची ओळख, सगळं तिथे चाले. एकदा कॅप्टनच्या यादीत नाव चढलं की पुढचा रस्ता रांगेचा. वरचे निवृत्त झाले, वारले, की खालचा आपोआप वर. समुद्रावरच्या सेवेच्या किमान अटी पूर्ण कराव्या लागत, पण तुमच्या मागचा माणूस कितीही हुशार असला तरी तो तुम्हाला ओलांडून रिअर ॲडमिरल होत नसे. त्यामुळे किती लहान वयात कॅप्टन झालात, यावर म्हातारपणी कुठे पोचणार हे बरंचसं ठरून जाई.

सॅमनचे आकडे आता त्या नजरेने पाहा. जन्म २० फेब्रुवारी १८३५, हॅम्पशायरमधलं स्वॅरॅटन गाव, वडील तिथले पाद्री. आईचे वडील व्हाईस ॲडमिरल होते, म्हणजे आरमाराचं दार घरातूनच उघडं होतं. १८४७ मध्ये भरती. क्रिमियन युद्धात बाल्टिक समुद्रात 'जेम्स वॉट' जहाजावर. जानेवारी १८५६ मध्ये लेफ्टनंट. २२ मार्च १८५८ ला कमांडर, वय २३. १२ डिसेंबर १८६३ ला कॅप्टन, वय २८. लेफ्टनंट ते कमांडर हे अंतर कापायला अनेकांची दहा-बारा वर्षं जात, कित्येक तिथेच अडकत. सॅमनला सव्वादोन वर्षं लागली. त्या सव्वादोन वर्षांत जे घडलं ते म्हणजे लखनौ.

नौदलाचा माणूस लखनौला कसा, तर 'शॅनन' या वाफेच्या फ्रिगेटमुळे, म्हणजे मध्यम आकाराच्या युद्धनौकेमुळे. कॅप्टन विल्यम पील हिचा प्रमुख. जहाज चीनच्या मोहिमेवर निघालं होतं. १८५७ चा उठाव पेटल्यावर ते हाँगकाँगहून वळवून ऑगस्टमध्ये कलकत्त्याला आणलं. पीलने जहाजावरच्या तोफा उतरवल्या आणि खलाशी व मरीन (जहाजावरचे सैनिक) मिळून सुमारे चारशे माणसं गंगेतून नदीबोटींनी अलाहाबादेकडे नेली. अशा तुकडीला नेव्हल ब्रिगेड म्हणत आणि व्हिक्टोरियाच्या काळात ती नित्याची बाब होती. क्रिमियात सेबास्टोपोलसमोरही खलाशीच जड तोफा चालवत होते. कारण व्यवहाराचं होतं. भिंती फोडायला लागणाऱ्या जड तोफा आणि त्या झटपट हलवणारे, भरणारे सराईत हात जहाजांवर तयार असत. जमिनीवरच्या सैन्याला असा तोफखाना उभा करायला महिने लागले असते.

१६ नोव्हेंबर १८५७. सर कॉलिन कॅम्पबेलची फौज लखनौच्या रेसिडेन्सीत (ब्रिटिश प्रतिनिधीच्या निवासात) वेढ्यात अडकलेल्यांकडे सरकत होती. सकाळी सिकंदर बाग पडली. आत लढणारे दोन हजारांच्या आसपास शिपाई तिथे मारले गेले. दुपारी गाठ पडली शाह नजफशी. ही नवाब गाझीउद्दीन हैदरची कबर. भोवती उंच, जाड तट, त्यात बंदुकांसाठी छिद्रं पाडलेली. पीलच्या २४ पौंडी तोफा तटाच्या अगदी जवळ, काही यार्डांवर नेल्या. पील जणू शत्रूच्या फ्रिगेटला आपलं जहाज भिडवत असल्यासारखा वागला, असं कॅम्पबेलने आपल्या अहवालात लिहिलं आहे. इतक्या जवळ गेल्यावर तटावरून गोळ्या आणि हातबाँब थेट तोफांवरच्या माणसांवर पडू लागले. तटाच्या कोपऱ्याला लागूनच एक झाड होतं. त्यावर चढून वरच्या माऱ्याला उत्तर द्यायला कोण तयार आहे, असं विचारल्यावर लेफ्टनंट सॅमन आणि खलाशी जॉन हॅरिसन पुढे झाले. सॅमन झाडावरून गोळीबार करत राहिला आणि जखमी झाला. खाली एका तोफेवरचे बाकी सगळे पडल्यावर लेफ्टनंट थॉमस यंग आणि विल्यम हॉल यांनी ती तोफ चालू ठेवली. हॉल हा नोव्हा स्कॉशियाचा कृष्णवर्णीय खलाशी. आईबाप अमेरिकेतल्या गुलामगिरीतून सुटून आलेले. या चौघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

टिपणात एक गोष्ट जरूर लिहा, कारण ती बहुतेक ठिकाणी गाळलेली असते: त्या तोफांनी तट फुटला नाही. तासन् तास मारा करूनही नाही. संध्याकाळी ९३ व्या हायलँडर्स या स्कॉटिश पलटणीचा सार्जंट जॉन पॅटन एकटा तटाला वळसा घालून गेला, त्याला पलीकडच्या बाजूला भगदाड सापडलं आणि त्याने पलटण तिथून आत नेली. त्यालाही क्रॉस मिळाला. मानपत्राची भाषा धैर्याबद्दल असते, परिणामाबद्दल नसते. "सॅमनच्या गोळीबारामुळे शाह नजफ पडलं" असं लिहिलंत तर ते चुकेल. आणखी एक विनंती. ब्रिटिश कागदांत हा सगळा काळ "म्युटिनी" म्हणून येतो, पदकाच्या नावातही तो शब्द आहे. पदकाचं नाव आहे तसंच लिहा, पण आपल्या वाक्यांत तटाच्या आत लढणारी माणसंही दिसू द्या. त्यांची मानपत्रं कुणी लिहिली नाहीत.

आता व्हिक्टोरिया क्रॉसकडे. सॅमनच्या क्रॉसची घोषणा 'लंडन गॅझेट' या सरकारी राजपत्रात २४ डिसेंबर १८५८ ला झाली. कमांडरपदाची तारीख त्याच वर्षीच्या मार्चमधली. म्हणजे "व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला म्हणून बढती" हा क्रम उलटा आहे: बढती आधी, क्रॉस नऊ महिन्यांनी. दोन्हींच्या मुळाशी तीच मोहीम आणि पीलची शिफारस होती. पील मात्र हे पाहायला उरला नाही. मार्च १८५८ मध्ये लखनौला तो जखमी झाला आणि एप्रिलमध्ये कानपूरला देवी येऊन वारला.

क्रॉसची फीत निळी का, असा प्रश्न चित्र रंगीत असेल तर पडेलच. सुरुवातीपासून लष्कराची फीत किरमिजी आणि नौदलाची गडद निळी होती. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, हवाई दल वेगळं झाल्यावर, सगळ्यांना एकच किरमिजी फीत आली. सॅमन १४ फेब्रुवारी १९१२ ला वारला, तेव्हा त्याच्या छातीवर कायम निळीच फीत असणार. चित्रात ती लाल दिसत असेल तर रंग नंतर कुणी तरी अंदाजाने भरला आहे. मूळ पदक कधी हातात आलं तर मागची बाजू पाहावी: वरच्या आडव्या पट्टीच्या मागे नाव आणि तुकडी किंवा जहाज, क्रॉसच्या मागच्या वर्तुळात पराक्रमाची तारीख. क्रॉसबरोबरचं वर्षाला १० पौंडांचं निवृत्तिवेतन खलाशी आणि शिपायांसाठी होतं. हॉल आणि हॅरिसन त्याला पात्र होते, सॅमन आणि यंग अधिकारी म्हणून नव्हते.

याशिवाय त्याच्याकडे बाल्टिक पदक आणि १८५७-५८ चं पदक दोन पट्ट्यांसह होतं. 'रिलीफ ऑफ लखनौ' ही पट्टी नोव्हेंबर १८५७ ची आणि नुसती 'लखनौ' ही मार्च १८५८ मध्ये शहर घेतलं त्याची. नावं इतकी सारखी आहेत की लिहिणारे एक गाळतात किंवा दोन्ही एकाच लढाईच्या समजतात. 'शॅनन'च्या माणसांची ही पदकं मोजकी असल्याने त्यांना किंमत फार येते, आणि म्हणून नाव नव्याने कोरलेली किंवा पट्टी मागाहून जोडलेली पदकंही बाजारात फिरतात. अक्षरांची धाटणी आणि पट्टीचे रिव्हेट पाहिल्याशिवाय, आणि लंडनमध्ये क्यू इथल्या ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारातल्या पदकयादीत नाव जुळल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

कॅप्टनपदापर्यंतचा दुसरा टप्पा मध्य अमेरिकेतला. कमांडर म्हणून त्याच्याकडे 'इकेरस' हे जहाज होतं. सप्टेंबर १८६० मध्ये त्याने होंडुरासच्या किनाऱ्यावर विल्यम वॉकरला पकडलं. वॉकर हा खासगी फौजा घेऊन शेजारच्या देशांत घुसणारा अमेरिकन. काही काळ तर निकाराग्वाचा अध्यक्षही होऊन बसला होता. सॅमनने त्याला होंडुरासच्या ताब्यात दिलं आणि १२ सप्टेंबरला त्रुहियोला त्याला गोळ्या घालण्यात आल्या. वॉकरचं म्हणणं होतं की आपण ब्रिटिश अधिकाऱ्याला शरण आलो होतो, त्यामुळे हा भाग लिहिताना "हस्तांतर" असं साधं लिहावं, त्याला न्याय किंवा विश्वासघात असं नाव आपण देऊ नये. मध्य अमेरिकेतल्या राज्यांनी सॅमनला याबद्दल सुवर्णपदक दिलं. हा परदेशी सन्मान आहे, ब्रिटिश पदकांच्या ओळीत तो मिसळू नका.

कॅप्टन झाल्यावर तीन चिलखती जहाजं: 'डिफेन्स', 'व्हॅलियंट', 'स्विफ्टशुअर'. इथे एक खड्डा आहे. चरित्रनोंदींत 'व्हॅलियंट'बद्दल "शॅननमधलं गार्डशिप" असं काहीसं येतं. गार्डशिप म्हणजे पहाऱ्याला उभं ठेवलेलं जहाज, आणि शॅनन ही इथे आयर्लंडमधली नदी. पीलच्या 'शॅनन' जहाजाशी त्याचा संबंध नाही. "सॅमन शॅननचा कॅप्टन" असं कुठे वाचायला मिळालं, तर ते बहुधा असंच जन्मलं असावं. त्या जहाजावर तो लेफ्टनंट होता. 'स्विफ्टशुअर' १८७८ च्या फेब्रुवारीत ॲडमिरल हॉर्नबीच्या ताफ्याबरोबर तुर्कस्तानच्या डार्डनेल्स सामुद्रधुनीतून आत गेलं. रशिया-तुर्कस्तान युद्धाच्या अखेरचा तो मोठा तणावाचा प्रसंग, पण तोफ डागावी लागली नाही. तुम्ही विचारलेल्या "एकही सागरी लढाई नाही" याचं चित्र इथे स्पष्ट होतं: नेपोलियनचा काळ सरल्यावर ब्रिटिश आरमाराला तोडीचा शत्रू समुद्रावर भेटलाच नाही. त्या पिढीच्या बहुतेक ॲडमिरलांची लढाई जमिनीवर, नदीत किंवा बंदराच्या तोंडाशीच झालेली असते.

१८७४ ते १८७९ तो राणीचा एडीसी, म्हणजे मानाचा परिसहायक होता. हे काही राजवाड्यातलं पूर्णवेळ काम नव्हे. ज्येष्ठ कॅप्टनांना दिला जाणारा मान, आणि रिअर ॲडमिरल होताच तो संपतो. म्हणूनच १८७९ ही तारीख दोन्हीकडे जुळते: २ ऑगस्ट १८७९ ला तो रिअर ॲडमिरल झाला. जुन्या पुस्तकांत रिअर ॲडमिरल "ऑफ द ब्लू", "ऑफ द रेड" असं वाचायला मिळतं. ते रंग १८६४ मध्ये बंद झाले, त्यामुळे सॅमनच्या पदाला कुठलाही रंग लावू नये.

यापुढे स्थितीचा रकाना महत्त्वाचा होतो. १८७९ ते १९०५ अशी २६ वर्षं तो ॲडमिरलांच्या सक्रिय यादीत होता. प्रत्यक्ष स्टेशनची सूत्रं मात्र तीनदाच हाती आली: १८८२ पासून केप ऑफ गुड होप आणि पश्चिम आफ्रिका, डिसेंबर १८८७ पासून चीन, जून १८९४ पासून ऑगस्ट १८९७ पर्यंत पोर्ट्समथ. प्रत्येक नेमणूक साधारण तीन वर्षांची. मधल्या काळात अर्धा पगार. पण रांग चालूच होती, म्हणून १८८५ मध्ये व्हाईस ॲडमिरल आणि १० सप्टेंबर १८९१ ला ॲडमिरल. यातली दुसरी बढती झाली तेव्हा त्याच्याकडे कुठलीच नेमणूक नव्हती. "चीनमधल्या कामगिरीबद्दल ॲडमिरल" असं कुणी लिहिलं असेल तर खोडून टाका.

   

सन्मानांत राहिला ऑर्डर ऑफ द बाथ. त्याच्या तीन पायऱ्या: कम्पॅनियन म्हणजे सी. बी., नाईट कमांडर म्हणजे के. सी. बी., नाईट ग्रँड क्रॉस म्हणजे जी. सी. बी. सॅमनला त्या १८७५, १८८७ आणि १८९७ मध्ये मिळाल्या. पहिल्या पायरीने "सर" लागत नाही. त्यामुळे २१ जून १८८७ च्या आधी तो नुसता रिअर किंवा व्हाईस ॲडमिरल सॅमन, नंतर सर नॉवेल. "सर सॅमन" कधीच नाही, "सर"पुढे पहिलं नाव यावं लागतं. आता तारखा नीट पाहा. २१ जून १८८७ म्हणजे राणीच्या सुवर्णमहोत्सवाचा आठवडा. २२ जून १८९७ म्हणजे हीरकमहोत्सवाचाच दिवस. दोन्ही सरदारक्या महोत्सवाच्या याद्यांतल्या आहेत, कुठल्या एका कामगिरीच्या नव्हेत. पोर्ट्समथजवळच्या स्पिटहेडच्या समुद्रात आरमाराचं जे भव्य संचलन झालं, त्याची सूत्रं 'रिनाउन' जहाजावरून सॅमनकडेच होती. पण ते २६ जूनला. जी. सी. बी. चार दिवस आधीच मिळालेली, म्हणून ती "संचलनाचं बक्षीस" ठरत नाही. हीच 'रिनाउन' पुढे नोव्हेंबर १९०५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सना घेऊन मुंबईला आली.

शेवटची पायरी ॲडमिरल ऑफ द फ्लीट. ॲडमिरलला ६५ व्या वर्षी सक्ती-निवृत्ती, ॲडमिरल ऑफ द फ्लीटला ७० व्या. जागा ठरावीक. वेळेत जागा रिकामी झाली नाही तर ६५ ला घरी. सर जॉन एडमंड कॉमरेल, तोही क्रिमियातला व्हिक्टोरिया क्रॉसचा मानकरी, १३ जानेवारी १८९९ ला ७० वर्षांचा झाला आणि सॅमनच्या बढतीची तारीख नेमकी तीच आहे. सॅमन तेव्हा ६३ चा होता. आणखी १३ महिने जागा निघाली नसती तर तो ॲडमिरल म्हणूनच निवृत्त झाला असता. पुढे २० फेब्रुवारी १९०५ ला, सत्तराव्या वाढदिवशी, तोही त्याच नियमाने बाहेर पडला. या सर्वोच्च पदावर असताना त्याच्याकडे एकाही ताफ्याची सूत्रं नव्हती, आणि त्यात काही वावगं नव्हतं.

एवढं हाताशी असलं की तुमच्या चित्राखालची ओळ स्वतःच बोलते. "ॲडमिरल" आहे, म्हणजे १० सप्टेंबर १८९१ नंतर. "के. सी. बी." आहे, जी. सी. बी. नाही, म्हणजे २२ जून १८९७ च्या आधी. पावणेसहा वर्षांचा पट्टा मिळाला. चित्राच्या कडेला किंवा मागे पोर्ट्समथचा उल्लेख असेल तर खालची मर्यादा जून १८९४ वर येते. महोत्सवाच्या तयारीत जून १८९७ च्या पहिल्या पंधरवड्यात एखाद्या साप्ताहिकाने हे चित्र छापलं असावं, ही शक्यता मला जास्त वाटते, पण कागदाशिवाय खात्री धरू नये. व्ही. सी. आधी की नंतर लिहिली आहे यावरून काळ ठरवू नका. आज ती अक्षरं सर्वांत आधी येतात, त्या काळच्या छपाईत क्रम मागेपुढे होत असे.

मात्र ओळ छपाईचा काळ सांगते, मूळ छायाचित्राचा नाही. त्यासाठी भिंग घेऊन बाही पाहा. सगळ्यात खाली रुंद सोनेरी पट्टी, तिच्यावर अरुंद पट्ट्या. अरुंद एक असेल तर रिअर ॲडमिरल, दोन तर व्हाईस, तीन तर ॲडमिरल, चार तर ॲडमिरल ऑफ द फ्लीट. दोनच दिसल्या तर छायाचित्र १८८५ ते १८९१ मधलं आणि संपादकाने जुनंच चित्र नव्या नावाखाली छापलं. मग गळा पाहा. के. सी. बी.चं पदक गळ्यात फितीला आणि तारा छातीवर डावीकडे. जी. सी. बी. असेल तर खांद्यावरून तिरका रुंद पट्टा येतो. सी. बी.चं पदक त्या काळी गळ्यात नव्हे, छातीवर इतर पदकांबरोबर लावत. शेवटी चौकट उघडून चित्राची मागची बाजू पाहा. मागे दुसऱ्या पानाचा मजकूर छापलेला असेल तर त्यातल्या बातमीवरून अंकाची तारीख आठवड्यापर्यंत नेमकी लावता येते.